पितरपाटातला साखरपुडा

‘अठ्ठावीस सप्टेंबर, रविवार,’ बोधेसाहेबांनी वहीतल्या ओळीवर बोट ठेवून वाचलं. ‘मुक्काम पोस्ट बलवडी. साखरपुड्याची भांडी पोहोच केली. किलोमीटर बावीस.’

माझ्या शेजारच्या खुर्चीत हौसाक्का मुळीक पदर सावरून बसल्या होत्या. साहेबांच्या खोलीत शिरल्यापासून त्यांनी तोंड उघडलं नव्हतं, कारण मीच त्यांना बजावून आणलं होतं की अक्का, तुम्ही काही बोलायचं नाही, बोलायचं ते मी बोलेन. पण ती ओळ कानावर पडली आणि त्यांना काही राहवलं नाही.

‘पितरपाटात?’ अक्का म्हणाल्या. ‘पितरपाटात कोण साखरपुडा करतंय, साहेब?’

साहेबांनी वहीवरनं मान वर केली. मी माझी खाली घातली.

पितरपाट म्हणजे भाद्रपदातला दुसरा पंधरवडा, पितरांचा. त्या पंधरा दिवसांत आमच्या खानापूर तालुक्यात माणूस नवी चप्पलसुद्धा विकत घेत नाही, सोयरीक जुळवणं तर लांबच. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही हो. मी काय परदेशातनं आले होते? पण वही लिहिताना मी इंग्रजी महिने धरून लिहीत सुटले होते आणि रविवार दिसला की एक समारंभ टाकत होते. रविवार बघितला, तिथी बघितली नाही.

होय, ती वही मी लिहिली होती. गाडी कुठल्या तारखेला कुठं गेली याची वर्षभराची नोंदवही, आणि ती मी तीन दुपारांत, एकाच पेनानं पूर्ण केली होती. अक्षर माझं पहिल्यापासून चांगलं. शाळेत फळ्यावरचा सुविचार मीच लिहायची.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. कोल्हापुरात एका मोठ्या कर सल्लागाराकडं चार वर्षं उमेदवारी करून मी विट्याला परत आले होते आणि घराच्या पुढच्या खोलीत, जिथं आधी भाडेकरू शिंपी बसायचा, तिथं ‘प्रज्ञा खराडे, कर सल्लागार’ अशी पाटी लावली होती. माझे वडील, अण्णा, एस्टीच्या डेपोत कंट्रोलर होते. रिटायर झाले तरी त्यांचा स्वभाव वेळापत्रकाचाच राहिला. त्यांनी मला सांगून टाकलं होतं, एक वर्ष, डिसेंबर अखेरपर्यंत. जमलं तर जमलं, नाहीतर खोली परत भाड्यानं द्यायची आणि मी पुण्याला मावसभावाच्या ऑफिसात जायचं. मावसभावानं खुर्चीसुद्धा राखून ठेवली होती म्हणे.

आणि डिसेंबर उजाडला तेव्हा माझ्याकडं होती दोन किराणा दुकानं, एक पिठाची गिरणी आणि माझा स्वतःचा चुलता. चुलता पैसे द्यायचा नाही. त्यापलीकडं खरं काम असं एकच होतं, हौसाक्कांचं. आयकर खात्याकडनं त्यांना तपासणीची नोटीस आली होती. ती मी निभावली असती तर गावात नाव झालं असतं. बुडवली असती तर पुणं.

अक्कांचा धंदा भांड्यांचा. विकायची नव्हे, भाड्यानं द्यायची. लग्न असो, बारसं असो, जत्रेचा महाप्रसाद असो, शंभर पानांच्या पुढं स्वयंपाक निघाला की पातेली, कढया, पराती, पाण्याची पिंपं अक्कांकडनंच यायची. नवरा सुभानराव वारले तेव्हा लोकांना वाटलं, आता भांडार बंद. अक्का तेव्हा एकोणपन्नास वर्षांच्या होत्या. त्यांनी दोन महिन्यांत गाडी शिकून घेतली. लुगड्याचा काष्टा मारून पिकअपच्या सीटवर बसलेल्या अक्का घाटातनं खाली यायला लागल्या की समोरचे ट्रकवाले आपोआप कडेला व्हायचे.

तर ज्या वर्षाची तपासणी होती त्या वर्षी त्यांनी नवी पिकअप घेतली होती. डिझेल, विमा, दुरुस्ती आणि गाडी वर्षात जेवढी झिजली तेवढी रक्कम, जिला आमच्या भाषेत घसारा म्हणतात, हे सगळं धंद्याचा खर्च म्हणून दाखवलं होतं. खर्च वजा होतो, उरलेल्यावर कर बसतो. खात्याचं म्हणणं एवढंच होतं की बाई, तुमच्या घरात दुसरी गाडी नाही, मोटरसायकल नाही, सायकल नाही. मग हीच पिकअप घरच्या कामाला वापरत नाही कशावरनं? जेवढी धंद्याला वापरली तेवढाच खर्च मिळेल. फेऱ्यांची नोंद दाखवा.

मी अक्कांना विचारलं, नोंद आहे का? त्या म्हणाल्या, आहे की, कॅलेंडरवर. आणि त्यांनी माळ्यावरनं जुनी कॅलेंडरं काढली. अक्का कॅलेंडर टाकत नाहीत. मी पानं उलटून बघितली आणि कपाळाला हात लावला. दूध दीड लिटर, गॅस आला, म्हैस व्याली, आणि त्याच्या मधोमध गाडीच्या फेऱ्या. त्यातल्या निम्म्या फेऱ्यांचा भांड्यांशी काडीचा संबंध नाही असं मला त्या दिवशी वाटलं. हे साहेबापुढं ठेवायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. मी म्हणाले, अक्का, हे कुणाला दाखवू नका, मी व्यवस्थित वही करते. कोल्हापुरात मी अशा वह्या होताना बघितल्या होत्या. एकही फेरी घरची नाही, शंभर टक्के धंदा. अक्का म्हणाल्या, ‘बरं बाई, वकील तू.’

मी वकील नाही हे त्यांना मी सतरा वेळा सांगून झालं होतं.

तपासणीसाठी सांगलीला जायचं त्या दिवशी मी एस्टीच्या स्टँडकडं निघाले तर अक्का पिकअप घेऊनच दारात हजर. तासगावला एका घरी पातेली पोहोचवायची होती, ती येताना देऊ म्हणाल्या. म्हणजे इन्कम टॅक्सच्या तपासणीला आम्ही निघालो ते मागं वीस पातेली, सहा पराती आणि एक भलीमोठी कढई घेऊन. प्रत्येक खड्ड्याला मागं वाजंत्री. वाटेत चहाला थांबलो तेव्हा मी वही त्यांच्या हातात दिली. चष्मा घरी राहिला होता. त्यांनी वही डोळ्यांपासून लांब धरून बघितली आणि म्हणाल्या, अक्षर मोत्यासारखं आहे गं तुझं. मी खूश.

आणि आता ते मोती साहेबांच्या टेबलावर सांडले होते.

बोधेसाहेब पन्नाशीचे असावेत. टेबलावर चहाचा थर्मास, खिडकीत फायलींचे गठ्ठे. रागीट नव्हते. रागीट माणूस परवडतो, तो ओरडतो आणि मोकळा होतो. हे शांतपणे विचारायचे. त्यांनी अक्कांना विचारलं की त्या वर्षी पितरपाट कधी होता ते आठवतं का. अक्का म्हणाल्या, न आठवायला काय झालं, सोमवारी सर्वपित्री होती, सासऱ्यांचं पान त्याच दिवशी असतंय. म्हणजे रविवार तिच्या आदल्या दिवशीचा. साहेबांनी मान डोलावली आणि वहीची पानं सावकाश उलटली. सगळी पानं एकाच निळ्या शाईची. वर्षभरात पेन एकदाही बदललेलं नाही, एकदाही हात थरथरलेला नाही, एकही खाडाखोड नाही. भांड्यांच्या दुकानातली वही, पण तिला तेलाचा एक डाग नाही.

‘ही वही कुणी लिहिली?’ साहेबांनी विचारलं.

खोटा पुरावा म्हणजे काय असतं हे मला पुस्तकातनं चांगलं माहीत होतं. दंड अक्कांना बसणार होता आणि पुढं काय काय होणार होतं ते मला. मी शब्द जुळवतच होते, तेवढ्यात शेजारनं आवाज आला.

‘माझीच हाय,’ अक्का म्हणाल्या.

मी त्यांच्याकडं बघितलं. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. सरळ समोर बघत होत्या, हात मांडीवर ठेवून. त्यांना सगळं कळलं होतं. वही कशी झाली, मी काय केलं, आता काय होणार, सगळं त्या एका मिनिटात त्यांच्या ध्यानात आलं होतं आणि त्यांनी ते गुपचूप स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. चौथी शिकलेली बाई, जन्मात कुणाचा पैसा बुडवला नाही, आणि माझ्यासाठी सरकारी माणसासमोर खोटं बोलत होती.

‘नाही साहेब,’ मी म्हणाले. ‘मी लिहिली. परवा. अक्कांनी ती वाचलेलीसुद्धा नाही.’

आवाज फुटला ते एक बरं झालं. मग मी सगळंच सांगितलं. कोल्हापुरात काय बघितलं होतं ते, रविवार बघून समारंभ कसे टाकले ते. सांगता सांगता मला माझी पाटी खाली उतरताना दिसत होती. शिंपीदादा परत मशीन घेऊन येतील, मी पुण्याला त्या खुर्चीवर जाऊन बसेन. तीही मिळाली तर. असल्या गोष्टी कळल्यावर मावसभाऊ तरी कशाला ठेवून घेतोय?

साहेब ऐकून घेत होते. माझं संपल्यावर त्यांनी थर्मासातला चहा तीन कपांत ओतला. मग विचारलं, खरी नोंद कुठं आहे का काही? मी म्हणाले, आहे, पण घरी, कॅलेंडरवर. अक्का म्हणाल्या, घरी नाही, गाडीत आहे. मी नको म्हणाले होते तरी त्यांनी दोन्ही कॅलेंडरं साखरेच्या पिशवीत गुंडाळून सीटखाली घातली होती. असू दे म्हटलं जवळ, एवढंच त्या म्हणाल्या, आणि आणायला खाली गेल्या.

साहेब खिडकीशी जाऊन उभे राहिले. खाली कचेरीच्या आवारात आमची पिकअप पातेल्यांसकट उभी होती. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग मला विचारलं, आजची ही फेरी धंद्याची का घरची? मी म्हणाले, येताना तासगावला भांडी द्यायची आहेत, म्हणजे निम्मी निम्मी. पहिल्यांदाच ते गालात हसले.

कॅलेंडरं टेबलावर पसरली. आमचं आर्थिक वर्ष एप्रिलला लागतं आणि भिंतीवरचं जानेवारीला, म्हणून दोन वर्षांची दोन. गुंडाळी सरळ राहीना म्हणून एका कोपऱ्यावर साहेबांनी पेपरवेट ठेवला, दुसऱ्यावर अक्कांनी गाडीची किल्ली. आणि साहेब मोठ्यानं वाचायला लागले.

‘बारा मे. भांडी. आळसंद, पवारांचं लग्न. आली, भांडी. एक झारा कमी.’

‘अजून दिलेला नाही,’ अक्का म्हणाल्या.

‘एकोणीस जून. गाडी नेली, कृष्णात लोहार, बियाणं आणायला. आली, नवं खुरपं. सात जुलै. गाडी नेली, शाळा, कबड्डीची पोरं. आली, पोरं. हरून.’ साहेब थांबले, चष्मा काढून पुसला आणि पुढं वाचलं. ‘तीन ऑगस्ट. मी. निंबाळकरांची सून, दवाखाना. मुलगी झाली. आली, जिलबी एक किलो.’

मग त्यांनी विचारलं की प्रत्येक ठिकाणी हे ‘आली, आली’ काय लिहिलंय? अक्का म्हणाल्या, गाडी परत आली तेव्हा काय घेऊन आली ते. साहेबांनी विचारलं, म्हणजे भाडं? तशा अक्का खुर्चीत ताठ झाल्या.

‘भाडं कसलं, साहेब? शेजारीण वाटीभर साखर घेऊन गेली, तर वाटी परत देताना रिकामी देती व्हय? कोथिंबिरीच्या चार काड्या का असंनात, घालून देती. गाडीचं तसंच. ज्याला चालवता येतीय त्यो घेऊन जातोय, न्हाई येत त्याच्यासाठी मी जाते. डिझेल माझंच. पर रिकामी कोण आणून लावत न्हाई. गाडी म्हंजे मोठी वाटी.’

साहेबांनी पानं उलटून सगळीकडं बघितलं. गूळ, हरभऱ्याचा डहाळा, शेणखत, एक कोंबडा, सरपणाची मोळी. एका ठिकाणी ‘आली’च्या पुढं काही नव्हतं. त्यांनी बोट ठेवून अक्कांकडं बघितलं. अक्का म्हणाल्या, ते मयत होतं, मयताच्या घरनं काही आणायचं नसतं. साहेबांनी मान हलवली.

मग मोजणी झाली. साहेब वाचत होते, मी कागदावर रेघा मारत होते, अक्का मधे मधे सांगत होत्या की हे पवार म्हणजे ते पवार नव्हेत. दीड तास लागला. वर्षात एकशे अठ्ठेचाळीस फेऱ्या, त्यातल्या एकशे अठरा भांड्यांच्या आणि तीस अशा, शेजारधर्माच्या. मी त्या दिवशी निम्म्या म्हणत होते त्या एकूण पाचात एक निघाल्या. पाचात एक! एवढ्यासाठी मी तीन दुपारी खोटं लिहीत बसले होते.

साहेब मात्र अजून कॅलेंडरवरच वाकले होते. त्यांचं बोट जूनवर जायचं, मग मेवर, मग परत ऑगस्टवर. आम्हां दोघींना म्हणाले, ‘हे बघितलंत का? कृष्णात लोहारानं जूनमध्ये गाडी नेली, फेब्रुवारीत त्याच्या भावाच्या लग्नाची भांडी तुमच्याकडची. निंबाळकरांनी बारशाची भांडी तुमच्याकडनंच नेली. शाळेच्या संमेलनाचं जेवण, भांडी तुमची. या तिसांतल्या सतरा जणांनी पुढं तुम्हांलाच काम दिलंय.’ त्यांनी खुर्ची मागं सरकवली. ‘एखादा दुकानदार जाहिरातीवर खर्च करतो, तो आपण मान्य करतोच. या फेऱ्या गिऱ्हाईक जोडण्यासाठी केल्या, असं बाईंनी लिहून दिलं तर मला विचार करता येईल.’

मी उडीच मारायची बाकी होते. पूर्ण खर्च! सगळा मान्य! गेलेली केस, गेलेलं वर्ष, सगळं परत माझ्या ओंजळीत येत होतं, आणि तेही खऱ्या नोंदीवर. मी पिशवीतनं कोरा कागद काढला, वर तारीख घातली आणि लिहायला लागले, ‘मी हौसाबाई सुभानराव मुळीक लिहून देते की…’

अक्कांनी विचारलं, काय लिहितेस? मी समजावून सांगितलं की तुम्ही लोकांना गाडी दिलीत ती भांड्यांना गिऱ्हाईक मिळावं म्हणून दिलीत, एवढंच लिहायचं, खाली तुमची सही, आणि एक रुपया भरायला लागणार नाही.

अक्कांनी कागदावर हात ठेवला. जोरात नव्हे, असा पसरून, पोळपाटावर ठेवावा तसा.

‘म्हंजे निंबाळकराच्या सुनेला मी नेली ती भांड्यासाठी?’

मी म्हणाले, अक्का, तसं नाही, कागदापुरतं.

‘पोरगी गाडीत माझा हात धरून रडत हुती. इतका घट धरला हुता की एका हातानं गाडी चालवली मी. तवा माझ्या मनात बारशाची पातेली हुती, असं लिहून देऊ?’

साहेब हळूच म्हणाले, ‘अक्का, हा कागद फाईलमध्ये जाईल. ती कशाला वाचायला येतेय?’

‘मला ठाऊक हाय न्हवं,’ अक्का म्हणाल्या.

बाहेर टाइपरायटर की कॉम्प्युटर काहीतरी खडखडत होतं. मी कागदाकडं बघत राहिले. मग अक्कांनी विचारलं, या तीस फेऱ्या सोडून दिल्या तर किती भरायला लागतील? साहेबांनी आकडेमोड करून सांगितलं, व्याजासकट साडेचौदा हजाराच्या आसपास. अक्कांनी मनातल्या मनात हिशोब केला. ‘तीस फेऱ्यांचं तेवढंच? भरते की,’ असं म्हणून त्यांनी कॅलेंडरवरनं गाडीची किल्ली उचलली. कॅलेंडर लगेच गुंडाळलं गेलं.

साहेबांनी कॅलेंडरं ठेवून घेतली, त्यांना पानांच्या प्रती काढायच्या होत्या. माझी वही मात्र त्यांनी टेबलावरनं माझ्याकडं सरकवली. म्हणाले, हिच्यावर अजून कचेरीचा शिक्का पडलेला नाही, घेऊन जा. आणि मी दारापर्यंत गेल्यावर मागनं म्हणाले, ‘अक्षर फार सुंदर आहे तुमचं. खरं लिहायला वापरा.’

परतीच्या वाटेवर मी अक्कांची माफी मागितली. त्यांनी गिअर बदलला आणि म्हणाल्या, ‘तू चुकलीस. पर मी पण खोटं बोलले, माझीच वही म्हणून. त्ये तू लगीच पुसलंस. फिटलं आपलं.’ त्यावर मला रडू आलं. अक्का म्हणाल्या, रडायचं असेल तर आत्ताच रड, तासगाव आलं की पातेली उतरवायला मला माणूस लागणार आहे. मी रडत रडत हसले आणि कढई उतरवताना साडीला काजळी लावून घेतली. तासगावच्या घरनं बेदाण्यांची पिशवी आली. ती विट्यात शिरेपर्यंत आम्ही दोघींनी अर्धी केली.

घरी आल्यावर अण्णांना मी काही लपवलं नाही. म्हटलं, दुसऱ्याकडनं कळण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं. त्यांनी पेपर खाली ठेवून सगळं ऐकलं. ‘अति शहाणा त्याचा बैल रिकामा,’ एवढंच बोलले आणि पेपर परत उचलला. थोड्या वेळानं पेपराच्या मागनं म्हणाले, एकतीस तारखेला बघू. म्हणजे पुणं. मी मुकाट्यानं पुस्तकं खोक्यात भरायला घेतली.

अठ्ठावीस डिसेंबरला पोस्टमन आला. सांगलीहून जाडजूड गुंडाळी आणि एक पाकीट. पाकिटात हुकूम होता, जसा साहेब बोलले होते तसा. वाहनाचा चार पंचमांश खर्च मान्य, एक पंचमांश नामंजूर, आणि खाली एक ओळ, ‘करदात्याने स्वतःहून सादर केलेली नोंद विश्वासार्ह आढळली.’ ती ओळ मी तीनदा वाचली. वहीबद्दल कुठं अक्षर नव्हतं.

गुंडाळी अण्णांनी सोडली. आत अक्कांची दोन कॅलेंडरं होती आणि त्यांच्या पोटात तिसरं. कोरं करकरीत, येत्या वर्षाचं. चिठ्ठी नाही, नाव नाही, काही नाही. मी म्हणाले, चुकून आलं असेल. अण्णा काही बोलले नाहीत. ते अक्कांची जुनी पानं वाचायला लागले होते, आणि वाचता वाचता खाली सतरंजीवर बसले. दुपारचा चहा गार झाला तरी उठले नाहीत. कबड्डीच्या पोरांपाशी एकदा मोठ्यानं हसले.

‘अठ्ठावीस वर्षं गाड्या आत-बाहेर लिहिल्या मी,’ शेवटी ते म्हणाले. ‘किती वाजता गेली, किती वाजता आली. काय घेऊन आली ते कधी लिहिलं नाही.’ मग चपला घातल्या आणि म्हणाले, चल, बाईंचं त्यांना देऊन येऊ.

अक्का भांडाराच्या दारात पातेली मोजत होत्या. मी हुकूम वाचून दाखवला, आणि मग ते तिसरं कॅलेंडर पुढं केलं. सांगितलं की साहेबांकडनं चुकून आलंय, परत पाठवते. अक्कांनी ते उलगडलं, दोन्ही बाजूंनी बघितलं आणि त्यांचा चेहरा असा फुलला की विचारू नका.

‘चुकून कसं?’ त्या म्हणाल्या. ‘कॅलेंडरं घेतली हुती न्हवं त्यांनी? रिकामी कशी धाडतील?’

एवढं सोपं होतं ते. अण्णांना केव्हाच कळलं होतं, म्हणून तर ते गप्प होते. मी एकटी तेवढी शिकलेली.

अक्कांनी आतनं पेन आणलं आणि भिंतीवरच्या त्यांच्या कॅलेंडरात त्या दिवसाच्या चौकोनात लिहिलं, ‘सांगलीची कॅलेंडरं आली. सोबत नवं एक.’ मग ते नवं माझ्या हातात दिलं. वाण्यानं दिलेलं त्यांच्याकडं होतंच, दोन काय करायची? ‘हे तुझ्या हापिसात लाव,’ म्हणाल्या. ‘उद्या भाळवणीचा गिरणीवाला येईल तुझ्याकडं. त्याचा भाऊपण. मी सांगितलंय त्यांना, पोरगी साहेबापुढं खरं बोलती.’

मी अण्णांकडं बघितलं. आज अठ्ठावीस, एकतीसला तीन दिवस. ऑफिसातली पुस्तकं खोक्यात भरून झालेली. भिंतीवर खिळासुद्धा नव्हता, शिंप्याचा होता तो त्यानं जाताना उपटून नेला होता.

अण्णांनी माझ्या हातनं कॅलेंडर घेतलं, नीट गुंडाळलं आणि काखेत धरलं. ‘खिळा मी ठोकतो,’ ते म्हणाले.

घरी येऊन त्यांनी तो ठोकला, माझ्या टेबलाच्या बरोबर समोर, थोडा तिरका. अजून तिथंच आहे. दर डिसेंबरात त्यावर नवं कॅलेंडर चढतं, आणि चढलं की मी सगळ्यांत आधी भाद्रपदाचं पान काढून पितरपाट कधी आहे ते बघून ठेवते.